पाऊण खलनायकाचा चंद्र

त्या नाट्यगृहात वजनं किलोत मोजत नसत. खलनायकांत मोजत.

मागचा निळा पडदा तीन खलनायक. राजवाड्याची भिंत अडीच. जंगल पानांसकट दोन, पानं झडल्यावर सव्वा. चंद्र पाऊण. हे सगळं एका जाड पुठ्ठ्याच्या वहीत मामाच्या अक्षरात लिहिलेलं होतं. मामाचं अक्षर खिळे ठोकल्यासारखं. कागद उलटा करून बोट फिरवलं तरी वाचता यायचं.

यात वेडेपणा असलाच तर शिस्तीतला होता. मामा तिथला दोरवाला. पडदे, भिंती, ढग, झाडं, जे जे म्हणून वरून खाली येतं आणि खालून वर जातं, ते सगळं त्याच्या हातात. रंगमंचाच्या वर, प्रेक्षकांना दिसत नाही तिथे, लाकडी जाळीचा माळा. माळ्यावर कप्प्या, कप्प्यांवरून दोर, दोराच्या एका टोकाला राजवाडा आणि दुसऱ्या टोकाला तेवढ्याच वजनाचं वाळूचं पोतं. दोन्ही बाजू सारख्या भरल्या की अख्खा राजवाडा एका माणसाच्या हाताने वर जातो. म्हणून वजन कळणं महत्त्वाचं. आणि मामा कामाला लागला त्याच महिन्यात नाट्यगृहाचा काटा तुटला. नवा काटा पुढच्या आठवड्यात येणार होता. तो आठवडा बावीस वर्षं आला नाही.

आता नाटक मंडळीत एक नट होता. त्याला फक्त खलनायकाची कामं मिळत. चेहराच तसा, त्याला तो तरी काय करणार. प्रत्यक्षात इतका मऊ माणूस, की दाराला धडकला तर दाराची माफी मागेल. खलनायक नेहमी दुसऱ्या अंकात येतो. त्यामुळे पहिला अंकभर हा विंगेत मिशी लावून नुसता उभा. मामाने एक दिवस त्याला फळीवर बसवलं, फळी दोराला बांधली, दोर कप्पीवरून घेतला आणि दुसऱ्या टोकाच्या पोत्यात डब्याडब्याने वाळू ओतत गेला. खलनायक जमिनीपासून वीतभर उचलला गेला आणि ना वर ना खाली असा तरंगत राहिला, तेव्हा मामाने पोत्याचं तोंड शिवलं आणि वर रंगाने लिहिलं: १ ख.

"काही त्रास झाला का?" मामाने विचारलं.

"छे हो. उलट बरं वाटलं," खलनायक म्हणाला. "इतकी वर्षं काम करतोय, पण माझं वजन पडलं असं आजच वाटलं."

हे पोतं म्हणजे मूळ माप. कामाची बाकीची पोती त्याच्याशी ताडून भरायची. पण मामा हयगय करणारा माणूस नव्हता. वाळू शिवणीतून गळते, ओल धरते, उंदीर येऊन कुरतडतात. म्हणून दरवर्षी हंगाम सुरू होताना तो खलनायकाला नव्याने फळीवर बसवी, नवं मूळ माप भरी आणि सगळी कामाची पोती त्या मापाने पुन्हा भरून घेई. जुनं माप वर्ष लिहून कोठीत टांगून ठेवी. "पोत्यावर भरवसा ठेवू नये," तो म्हणे. "माणसावर ठेवावा."

हे वाक्य लक्षात ठेवावं. मामाने तर ठेवलंच होतं.

मामाची भाची सहा वर्षांची असताना तिलाही एकदा त्या फळीवर बसवण्यात आलं. ती भरली पाव खलनायक आणि एक हातोडा. शाळेत वजन विचारलं तेव्हा तिने तेच सांगितलं. बाईंनी आईला बोलावून घेतलं. आईने बाईंना समजावून सांगितलं, त्यानंतर बाईंनी पुन्हा कधी आईला बोलावलं नाही. मामा या भाचीला निरगाठ म्हणायचा, कारण धरलं की सोडायची नाही. तिच्या धाकट्या भावाला सुरगाठ म्हणायचा. तो आता परदेशात असतो.

बाविसाव्या वर्षी, हंगामाच्या पहिल्याच प्रयोगाला, चंद्र उडाला.

म्हणजे उगवायचा होता. शेवटचा अंक, ताटातुटीचा प्रवेश, नायिका म्हणते, "बघ, तो आला," आणि झाडांमागून चंद्र हळूहळू वर यायचा. मामाने दोर खुंटीवरून सोडवला आणि पोतं दगडासारखं खाली आलं. चंद्र सणसणत वर गेला, माळ्याला थडकला, त्याचा कडेचा एक टवका तुटून नायिकेपासून दोन हातांवर पडला. पोतं आदळलं ते प्रॉम्प्टरच्या स्टुलावर. प्रॉम्प्टर सुदैवाने चहा आणायला गेला होता. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काहीतरी नवीन आहे. मामाने शेवटपर्यंत हातातला दोर सोडला नव्हता. त्याच्या दोन्ही तळव्यांची कातडी दोराबरोबर गेली.

"माझा हात गेला," एवढंच तो सगळ्यांना म्हणाला. पुढच्या महिन्यात त्याने काम सोडलं. त्याला आता अकरा वर्षं झाली होती, आणि अकरा वर्षांत त्याने घरातली खिडकीच्या पडद्याची दोरीसुद्धा ओढली नव्हती. पडदा मामी ओढायची.

*

आता निरगाठ अठ्ठावीस वर्षांची होती आणि त्याच नाट्यगृहात रंगमंचाची तांत्रिक प्रमुख. नाट्यगृह दुरुस्तीसाठी सात महिने बंद होतं. येत्या शनिवारी उघडणार होतं. वाळूची पोती जाणार, पोलादी तारदोर आणि आकडे कोरलेल्या लोखंडी विटा येणार. कुठली कप्पी, कुठला दोर, कशाला काय जोडायचं, हे सगळं तिने ठरवायचं आणि खाली सही करायची. म्हणजे काही पडलं तर तिच्या सहीवर पडणार.

मामा रोज सकाळी दहाला चहाचा थर्मास घेऊन यायचा आणि तिसऱ्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर बसायचा. खुर्च्यांवर प्लास्टिक चढवलेलं होतं. त्यामुळे मामाने मत बदललं की ते ऐकू यायचं.

एक दिवस व्यवस्थापक एक पिशवी घेऊन आला. त्यात चमचमणारे हूक आणि कड्या होत्या.

"मॅडम, हे बघा. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळालं. आपण मागवलंय अगदी तस्संच दिसतं."

निरगाठने एक कडी उचलली, उलटीपालटी केली. "आकडा कुठाय?"

"कसला आकडा?"

"ही किती पेलते त्याचा. ज्याच्यावर आकडा कोरलेला नाही ते मी कुणाच्या डोक्यावर टांगणार नाही. तुमच्या केबिनमध्ये टांगायचं असेल तर टांगा, खुर्चीच्या बरोब्बर वर."

"आणि आकडा असला तरी त्याला आठाने भागायचं, तेवढंच टांगायचं!" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. प्लास्टिक कुरकुरलं.

"दहाने, मामा."

"आमच्या वेळी आठ होतं."

"खाली माणसं उभी असतील तर दहा."

"माणसं नाजूक झालीत," मामा थर्मासला म्हणाला.

व्यवस्थापकाने पिशवी आवरली. जाता जाता म्हणाला, "बाकी काही करा, पण शनिवारी चंद्र पाहिजे. लोक मला भाजी घेताना अडवून विचारतात, चंद्र आहे ना? नाटकाचं नाव कुणालाच आठवत नाही."

तो गेल्यावर मामा उठला. खुर्च्यांमधून वाट काढत रंगमंचाच्या कडेपाशी आला आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा राहिला.

"चंद्र मी चढवीन," तो म्हणाला.

निरगाठने हातातली यादी खाली ठेवली.

"एकदाच. माझ्या दोराने, माझ्या पोत्याने. तुझं ते लोखंड नको. तुझ्या लोखंडाने चंद्र कुणीही चढवील, व्यवस्थापकसुद्धा. मला एवढंच बघायचंय, की हात..." तो थांबला. "लोकांनी शेवटचं ते बघितलं गं. उडालेला चंद्र. मी एकाहत्तर वर्षांचा आहे. हे असं ठेवून मला जायचं नाही."

ती त्याला 'बघू' म्हणाली. मामाला 'बघू' कधीच म्हणू नये. तो लगेच बघायला निघतो.

चंद्राचा दोर अजून शेवटच्या खुंटीवर होता. मामाने अकरा वर्षांपूर्वी गुंडाळून ठेवला होता तसाच, अंगठ्याएवढा जाड, वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत झालेला. मामाने त्याच्याकडे बघितलं, हात लावला नाही. "बघ कसा आहे. नव्यासारखा."

"बाहेरून आहे," निरगाठ म्हणाली. तिने दोर दोन्ही मुठींत धरला आणि पीळ उलटा फिरवून उघडला. हे तिला मामानेच शिकवलं होतं: दोराला वरून विचारू नये, आत शिरून विचारावं. पिळाच्या आतून पिठासारखा बारीक तपकिरी भुगा निघाला आणि तिच्या बुटावर पडला.

दोघंही बुटाकडे बघत राहिली.

"पावडर लावली असेल कुणीतरी," मामा म्हणाला.

"मामा."

"एक चंद्र जाईल. पाऊण खलनायक म्हणजे काय वजन आहे?"

"नाही जाणार. तूच मला असा दोर वापरू दिला असतास का?"

मामाने दोराकडे पाठ केली.

"सुंभ जळला तरी पीळ जात नाही," ती पुटपुटली.

"हे तू दोराला म्हणालीस की मला?"

"दोघांना."

मामाने थर्मास उचलला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तिसरी रांग रिकामी होती. प्लास्टिकचा आवाज नसला की इतक्या मोठ्या जागेत किती शांतता असते, हे निरगाठला तेव्हा कळलं. तिला काही ते आवडलं नाही.

*

काम थांबवता येत नव्हतं. जुनी पोती बाहेर काढायची म्हणून ती रंगमंचाखालच्या कोठीत उतरली. तिथे बावीस मूळ मापं एका ओळीत टांगलेली होती, प्रत्येकावर वर्ष आणि '१ ख'. लहानपणी ती या ओळीतून पळायची तेव्हा तिला ती सगळी सारखी दिसायची. आता मोठ्या माणसाच्या नजरेने बघितल्यावर तिला वाटलं, शेवटची पोती जरा लठ्ठ आहेत. मग वाटलं, जरा नाही.

तिच्याकडे आता काटा होता. नवा, हुकाला टांगायचा, लाल आकडे दाखवणारा. तिने पहिलं पोतं टांगलं. साठ किलो. दुसरं, साठ. तिसरं, एकसष्ट. सहावं, सहासष्ट. नवव्याला काटा एकदम उतरला, अठ्ठावन्न. मग पुन्हा चढ: चौसष्ट, सत्तर, बाहत्तर. एकविसावं ऐंशी. बाविसावं तिने दोनदा टांगलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही.

शहाण्णव.

ती उलट्या बादलीवर बसली. पोती कधी कामाच्या दोराला लागली नव्हती, दुहेरी शिवलेली होती, एक कण गळला नव्हता. पोती खरं बोलत होती. मामा दरवर्षी न चुकता माप ताजं करत होता, आणि दरवर्षी खलनायक थोडा थोडा लठ्ठ होत होता. वहीत चंद्र मात्र पाऊणचा पाऊण, कारण चंद्र पहिल्या वर्षी एकदा मोजला होता, आणि चंद्र काय वाढणारी गोष्ट आहे का?

तिने वर जाऊन चंद्र टांगला. पत्रा, लाकडी चौकट, दिवे: चव्वेचाळीस किलो. तुटलेला टवका धरून पंचेचाळीस. साठ किलोच्या खलनायकाचे बरोबर पाऊण. शहाण्णव किलोच्या खलनायकाचे पाऊण होतात बहात्तर. म्हणजे त्या संध्याकाळी दोराला सत्तावीस किलो जास्तीचे लटकत होते. भिंती आणि पडदे दातेरी रहाटावर चढत, त्यांचं जास्तीचं वजन रहाट धरून ठेवायचा; नुसत्या हातावर चालायचा तो एकटा चंद्र.

मग तिने वही पुन्हा उघडली. चंद्राच्या पानावर समासात बारीक अक्षरात काही नोंदी होत्या. लहानपणी तिने त्या वाचल्या नव्हत्या. चौदाव्या वर्षी: 'दोर थोडा जड लागतो.' सतराव्या: 'जड. कप्पीला तेल घातलं. फरक नाही.' विसाव्या: 'कप्पी बदलली. फरक नाही. वय.' एकविसाव्या: 'वय.' बाविसाव्या वर्षापुढे काहीच नव्हतं.

माणूस आठ वर्षं दुसऱ्याचं वजन आवरत होता आणि स्वतःचं वय लिहीत होता.

तिला आधी आनंद झाला. हात गेलाच नव्हता! आत्ता पळत जाऊन सांगावं असं वाटलं. दारापर्यंत गेली आणि थांबली. हात गेला नव्हता, तर मग काय चुकलं होतं? माप. ते माप, ज्यासाठी मामा अख्ख्या गावात नावाजला होता, ज्याच्या बाबतीत त्याने एक वर्ष चुकवलं नाही. हाताची चूक वयावर ढकलता येते. ही कुणावर ढकलणार?

तिने आईला फोन लावला. आई म्हणजे मामाची धाकटी बहीण. तिला सगळं सांगायला दहा मिनिटं लागली, कारण आई मधे मधे हसत होती.

"हसू नकोस गं. सांगू का त्याला?"

"खलनायक लठ्ठ झाला म्हणून!" आईने डोळे पुसल्याचं ऐकू आलं. मग ती गंभीर झाली. "सांग. दादाने जन्मभर ओझीच उचललीत. फक्त खरं किती वजन आहे ते आधी सांग म्हणजे झालं. चुकीचं सांगून कुणाच्या हातात काही देऊ नये, हे त्याचंच म्हणणं."

*

गुरुवारी सकाळी तिने दोघांनाही बोलावलं.

खलनायक आला तेव्हा तिने त्याला ओळखलंच नाही. कोटाच्या आत माणूस शोधावा लागत होता. मधे मोठं आजारपण झालं होतं. दारातून येताना त्याचं कोपर चौकटीला घासलं. तो चौकटीकडे वळून "माफ करा" म्हणाला, तेव्हा खात्री पटली.

मामा घुश्शातच होता, पण त्याला बघून फुलला. "खलनायकराव! अहो, अर्धे कुठे ठेवून आलात?"

"डॉक्टरकडे," खलनायक म्हणाला.

"काका, जरा फळीवर बसता का?" निरगाठने विचारलं.

खलनायकाचा चेहरा उजळला. त्याने कोट काढला, घडी केली, बूट काढून जोडीने ठेवले आणि फळीवर बसून दोन्ही हातांनी दोर धरला. पाय जमिनीवरून सुटले. लाल आकडे फिरले आणि थांबले. अठ्ठावन्न.

"काटा बिघडलाय," मामा लगेच म्हणाला. "खलनायक अठ्ठावन्न कसा भरेल? खलनायक म्हणजे..." आणि तो थांबला. तो मूर्ख माणूस नव्हता. त्याने फळीवरच्या माणसाकडे बघितलं. मग भाचीकडे. मग तिच्यामागे, कोठीतून वर आणून भिंतीला ओळीने टेकवलेल्या बावीस पोत्यांकडे. प्रत्येकावर तिने किलो लिहिलेली चिठ्ठी लावली होती.

मामा चिठ्ठ्या वाचत ओळीने चालत गेला. नवव्या पोत्यापाशी तो थबकला.

"अठ्ठावन्न. हे वर्ष... त्या वर्षी वहिनी गेल्या."

"हो," खलनायक फळीवरून म्हणाला. "ताटावर बसवत नसे."

"आणि हे? एकदम सहा किलो."

"ते मुलीने स्वयंपाक शिकायला घेतला तेव्हाचं. तिला वाईट वाटू नये म्हणून खात होतो."

मामाने त्या पोत्यावर थाप मारली, ओळखीच्या माणसाच्या पाठीवर मारावी तशी. खलनायकाची बावीस वर्षं तिथे ओळीने उभी होती. मग तो शेवटच्या पोत्यापाशी पोचला आणि बराच वेळ चिठ्ठी वाचत राहिला, जणू तिच्यावर पानभर मजकूर होता.

"शहाण्णव. खलनायकराव, या वर्षी काय झालं होतं?"

खलनायकाने आठवलं. "या वर्षी मी सिगारेट सोडली."

मामा चिठ्ठीवरून नजर उचलून त्याच्याकडे बघू लागला.

"डॉक्टर म्हणाले होते, सगळ्यांचाच फायदा होईल," तो हळूच म्हणाला.

मामाचे ओठ हलत होते. तो हिशेब करत होता. "पाऊण... बहात्तर. आणि चंद्र पंचेचाळीस."

"सत्तावीस जास्त," निरगाठ म्हणाली. "त्याच्या आदल्या वर्षी पंधरा जास्त होते. ते तू हाताने आवरलेस. दर प्रयोगाला. बेसावध हातात एकदम आलेले सत्तावीस कुणालाच आवरले नसते, मामा. विशीतल्या पैलवानालाही नाही."

"मला क्षमा करा," खलनायक म्हणाला. त्याला फळीवरून उतरता येत नव्हतं आणि सांगायची लाज वाटत होती. "मी वाढत गेलो."

"तुमचा काय दोष? खलनायकाने सुधारू नये असं कुठे लिहिलंय?" मामाने आपले तळवे समोर धरले. पांढरे व्रण अजून होते. "म्हणजे हात गेला नव्हता."

"नाही."

"वही चुकली."

"हो."

"वही माझी."

निरगाठला खूप काही बोलावंसं वाटलं: की काटा कुणी आणला नाही, की बावीस वर्षं कुणी विचारलं नाही. ते सगळं खरं होतं. पण त्याने विचारलं होतं ते वेगळं होतं. "हो मामा," ती म्हणाली. "तुझी."

मामाने मान हलवली. एकदा, दोनदा. मग पहिल्या पोत्याच्या बाजूला जमिनीवर बसला आणि हसायला लागला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग डोळ्यांतून पाणी. "माणसावर भरवसा ठेवावा म्हणे! कुणी सांगितलं होतं रे तुला, गाढवा?" हे तो स्वतःला म्हणत होता. खलनायक फळीवर लटकत असल्याने त्याला हसताना स्वतःभोवती गोल फिरावं लागत होतं.

हसू ओसरल्यावर मामाने पेन्सिल मागितली. वही मांडीवर घेतली. चंद्राच्या पानावरचं 'पाऊण' एका रेघेने खोडलं, वाचता येईल असं, आणि पुढे लिहिलं: '४५ किलो.' मग समासातल्या चारही नोंदी खोडल्या. 'वय' दोनदा खोडलं.

"आता दोर आण," तो म्हणाला. "आणि करवत."

बाद झालेला दोर नुसता टाकायचा नसतो. टाकलेला दोर कुणीतरी उचलतो, बाहेरून चांगला दिसतो म्हणून कशाला तरी बांधतो, आणि मग तो कुणाच्या तरी डोक्यावर तुटतो. म्हणून त्याचे हातभर तुकडे करायचे, इतके लहान की त्यांना पुन्हा काही टांगायचा मोह होऊ नये. मामाने हे आयुष्यात कितीतरी दोरांना केलं होतं. फक्त या एकाला जमलं नव्हतं. त्याने अकरा वर्षांत पहिल्यांदा तो दोर हातात घेतला आणि करवत लावली. खलनायकाला उतरवण्यात आलं होतं. तो दुसरं टोक ताणून धरत होता आणि प्रत्येक तुकडा पडला की नकळत मान लववत होता. भुगा उडत होता. ती पावडर आहे असं या वेळी कुणी म्हणालं नाही.

शेवटच्या तुकड्याला मामाने गाठ मारली, घट्ट, दातांनी ओढून, आणि भाचीच्या हातात दिली. "ही सुटायची नाही."

"शनिवारी सहाला ये," ती म्हणाली. "माझ्या लोखंडावर. चालेल?"

"दोर?"

"नवा. पण ओढायचा हातानेच."

मामाने विचार केला. "बघू," तो म्हणाला.

*

शनिवारी तो पाच वाजताच आला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. उघडलं तर चंद्राचा टवका. अकरा वर्षं कपाटात ठेवला होता.

"गोंद आणलाय," तो म्हणाला.

"गोंद नाही, मामा. नटबोल्ट. आणि तारेचा एक जादा फेरा. बोल्ट निघाला तरी टवका खाली येता कामा नये."

"हे मात्र बरोबर आहे," मामा म्हणाला. हे तो तिला पहिल्यांदाच म्हणत होता. तिने ऐकलं नाही असं दाखवलं, कारण ऐकलं असतं तर त्याने मागे घेतलं असतं.

टवका बसवल्यावर त्यांनी चंद्र पुन्हा टांगून मोजला. मग दुसऱ्या बाजूच्या चौकटीत तेवढ्याच वजनाच्या विटा रचल्या. मामाने प्रत्येक विटेवरचा कोरलेला आकडा मोठ्याने वाचला, बेरीज केली, मग उलटीकडून पुन्हा केली. तारदोराच्या प्रत्येक जोडावर बोट फिरवलं. एका शॅकलची, म्हणजे जोडकडीची, पिन अर्धा फेरा ढिली सापडली तेव्हा त्याचा चेहरा असा खुलला, जसा एखाद्याचा बक्षीस मिळाल्यावर खुलेल. निरगाठने ती मुद्दाम ढिली ठेवली होती का, हे तिने आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

नाटक सुरू झालं. खलनायकाला काही काम नव्हतं. तरी तो विंगेत येऊन उभा राहिला होता, मिशी लावून. सवय, म्हणाला.

शेवटचा अंक आला. मामा दोरापाशी उभा राहिला.

"हातमोजे," निरगाठ कुजबुजली.

"आमच्या वेळी..."

"हातमोजे, मामा."

त्याने घातले. रंगमंचावर नव्या नायिकेने, जी त्या उडालेल्या चंद्राच्या वेळी शाळेत होती, मान वळवून म्हटलं, "बघ, तो आला." निरगाठने दोर अडकवून ठेवणारं लॉक सोडलं. क्षणभर काहीच हललं नाही. मामाने दोर धरला आणि ओढला, आणि तिला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं की तो वाट बघत होता: जड लागण्याची. हात भरून यायची, खांदा ओढला जायची, चौदाव्या वर्षाच्या, सतराव्या वर्षाच्या त्या वजनाची. ते आलंच नाही. दोर नुसता हातातून सरकत राहिला, हलका, पहिल्या वर्षी सरकत असेल तसा.

झाडांमागून चंद्र वर आला. हळूहळू, टवक्यासकट. अंधारात कुणीतरी लांब श्वास सोडला. मागच्या रांगेत एक म्हातारा आवाज शेजारच्याला म्हणाला, "हाच तो, पण याआधी जोरात जायचा."

चंद्र जागेवर पोचल्याचं सांगणारी दोरावरची पांढरी खूण मामाच्या डोळ्यांसमोर आली. तो थांबला. निरगाठने लॉक खाली दाबलं.

"लागलं?" मामाने विचारलं.

"लागलं."

"बघितलंस?"

"बघितलं."

"परत बघ."

तिने परत बघितलं. हाताने चाचपलं, दोर हलवून पाहिला. "लागलंय, मामा. आता सोड."

मामाने आधी एक बोट उचललं. मग दुसरं. असं करत करत दोन्ही हात मोकळे झाले. तो एक पाऊल मागे सरकला आणि हात पाठीमागे न बांधता तसेच लोंबते ठेवून वर बघत राहिला. चंद्र जागचा हलला नाही.